बखर आणि दप्तर

विद्यापीठांचे इतिहास बहुधा कोनशिलेपासून सुरू होतात आणि शताब्दी-महोत्सवाच्या भाषणांपाशी येऊन थांबतात. मध्ये कुलगुरूंच्या कारकिर्दी येतात, इमारती येतात, देणग्या येतात, नामवंत विद्यार्थ्यांच्या याद्या येतात. परंतु ज्या खोलीत बसून विद्यापीठाची कीर्ती रोज थोडी थोडी लिहून बाहेर पाठवली जाते, त्या खोलीचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. ती खोली म्हणजे प्रसिद्धी कार्यालय. विद्वानांना तिचे अस्तित्व किंचित लाजिरवाणे वाटते, आणि ज्यांना ती हवीशी वाटते ते इतिहास लिहिण्याच्या भानगडीत पडत नाहीत.

मराठी वाचकाला मात्र हा विषय परका वाटू नये. बखर आणि दप्तर यांतला फरक आपण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शिकलो आहोत. बखर धन्याला ऐकवण्यासाठी लिहिली जाई. तिच्यात पराक्रम असे, रस असे, आणि अडचणीची गोष्ट आली की लेखणी हळूच बाजूने जाई. दप्तरातला कागद कोणाला आवडावा म्हणून लिहिलेला नसतो. इतके दाणे, इतकी वैरण, अमक्याची पत्रे, तमक्याचा जाब. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींची कसून झडती घेतली. पुढे सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मराठी माणसाला निदान तत्त्वतः तरी हे ठाऊक आहे की, बखरकाराला जे सांगायचे नव्हते ते रुमालात बांधून ठेवलेले असते.

प्रसिद्धी कार्यालयाची मौज अशी की, तेथे बखर आणि दप्तर दोन्ही एकाच टेबलावर तयार होतात. बाहेर जाते ते वार्तापत्र ही बखर. मागे कपाटात राहते ते दप्तर : पत्रकाचा खाडाखोड केलेला पहिला खर्डा, संपादकांशी झालेला पत्रव्यवहार, न छापलेले फोटो, आणि कात्रणांच्या जाड वह्या. त्या वह्यांत स्तुतीबरोबर निंदाही चिकटवलेली असते. कारण निंदा कोण करतो हे प्रसिद्धीच्या माणसाला सर्वांआधी माहीत असावे लागते. शाळामास्तराला हे लवकर समजते. स्नेहसंमेलनात वाचला जाणारा अहवाल एक असतो आणि वर्गाचे हजेरीपत्रक दुसरे असते. पाहुण्यांसमोर कोणी हजेरीपत्रक वाचत नाही.

या कार्यालयाचा जन्म अमेरिकेतला. मिशिगन विद्यापीठाने १८९७ मध्येच असे कार्यालय काढले होते, असे या व्यवसायाचे इतिहासकार सांगतात. १९०० साली बॉस्टन शहरात ‘पब्लिसिटी ब्युरो’ नावाची एक पेढी निघाली. दुसऱ्याची प्रसिद्धी करून देणे हाच तिचा धंदा. अशा प्रकारची ही पहिली पेढी मानली जाते. तिच्या पहिल्या गिऱ्हाइकांत साबणवाला किंवा सर्कसवाला नव्हता. हार्वर्ड विद्यापीठ होते! त्या वेळी तेथे चार्ल्स एलियट अध्यक्ष होते. (आपल्याकडे कुलगुरूंचे जे काम, ते अमेरिकेत अध्यक्षांचे.) अडीच शतकांची परंपरा असलेल्या विद्यामंदिराला आपली ओळख करून देण्यासाठी भाडोत्री लेखणी का लागावी, असा प्रश्न कोणीही विचारील. उत्तर साधे आहे. तोपर्यंत हार्वर्डला ओळखणाऱ्या घराण्यांची संख्या मर्यादित होती आणि तेवढी पुरत होती. विसाव्या शतकाच्या तोंडाशी विद्यापीठे वाढली, प्रयोगशाळा आल्या, खर्च आला. ओळखीची घराणी अपुरी पडू लागली आणि अनोळखी माणसांकडे जाणे भाग पडले. अनोळखी माणसापर्यंत जाण्याचा रस्ता तेव्हा एकच होता, वृत्तपत्र.

हीच बॉस्टनची पेढी थोड्याच वर्षांत रेल्वे कंपन्यांच्या नोकरीला लागली. रेल्वेच्या दरांवर सरकारी नियंत्रण येऊ घातले होते आणि कंपन्यांना ते नको होते. रे स्टॅनर्ड बेकर या पत्रकाराने १९०६ साली ‘मॅक्ल्युअर्स’ मासिकात या पेढीच्या कारभाराचे वर्णन केले. त्यात एक तपशील मोठा बोलका आहे. पेढीत नोंदपत्रांचा एक मोठा संग्रह होता. कोणत्या गावी कोणते पत्र, त्याचा संपादक कोण, त्याची मते काय, आपण पाठवलेला मजकूर त्याने किती छापला, हे सारे त्यात टिपलेले. त्याला ते लोक हवामापक यंत्राचे नाव देत. मजकूर बाहेर जात होता आणि माहिती आत येत होती. प्रसिद्धीच्या खोलीत दप्तर जमते ते असे, पोटासाठी.

पण मला ज्या विद्यापीठाविषयी सांगायचे आहे ते हार्वर्ड नव्हे. ते आहे विस्कॉन्सिन. अमेरिकेच्या उत्तरेकडे, मोठ्या सरोवरांच्या लगत हे राज्य आहे. १८४८ साली राज्य स्थापन झाले आणि त्याच वर्षी विद्यापीठही. मॅडिसन या राजधानीच्या गावी, मेंडोटा सरोवराच्या काठच्या टेकडीवर ते उभे राहिले. तेथून राज्याच्या विधिमंडळाची इमारत मैलभराच्या अंतरावर, सरळ रस्त्याने समोर दिसते. हे अंतर ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण विद्यापीठाचा पैसा त्या इमारतीतून यायचा आणि त्या इमारतीतले सभासद शेतकऱ्यांनी निवडून पाठवलेले असायचे. ज्याचा मुलगा कधी टेकडी चढला नाही आणि चढण्याची शक्यताही नाही, अशा माणसाने दरवर्षी कर भरून लॅटिन आणि भूगर्भशास्त्राचे अध्यापक का पोसावेत? या प्रश्नाला उत्तर देणे हे विस्कॉन्सिनच्या प्रसिद्धी कार्यालयाचे खरे काम होते. ज्याने विद्यार्थी म्हणून विद्यापीठाचे तोंड कधी पाहिले नाही अशा माझ्यासारख्याला तो प्रश्न मुळीच गावंढळ वाटत नाही.

एक उत्तर मात्र प्रसिद्धी कार्यालय निघण्यापूर्वीच मिळालेले होते, आणि ते दुधातून मिळाले. विस्कॉन्सिनचे शेतकरी गव्हाकडून गायींकडे वळत होते. लोणी-चीज करणाऱ्या कारखान्यात दूध वजनावर घेतले जाई. त्यामुळे पाणी घालणाऱ्याचा फायदा आणि सकस दूध आणणाऱ्याचे नुकसान, हा जगभराचा अनुभव तेथेही होता. शेजाऱ्याशेजाऱ्यांत त्यावरून वैरे पडत. १८९० साली विद्यापीठाच्या कृषी-प्रयोगक्षेत्रातले रसायनशास्त्रज्ञ स्टीफन बॅबकॉक यांनी एक सोपी चाचणी शोधली. मोजून घेतलेल्या दुधात गंधकाम्ल घालायचे, बारीक मानेची काचेची बाटली यंत्रात गरगर फिरवायची, की स्निग्धांश वेगळा होऊन मानेत चढतो आणि मानेवरच्या खुणांवर तो वाचता येतो. खेड्यातल्या कारखान्याचा साधा नोकरही हे करू शकत होता. बॅबकॉकने या शोधाचे पेटंट घेतले नाही. ज्याला हवी त्याने चाचणी वापरावी. आपल्याकडे गावच्या दूध-संस्थेत शेतकरी ‘फॅट किती लागलं?’ म्हणून विचारतो. दुधाचा दर स्निग्धांशावर ठरवण्याची रीत जगात रुजली ती अशा चाचण्यांमुळे. एका बाटलीने राज्यातल्या प्रत्येक गोठ्यापर्यंत विद्यापीठ नेऊन पोचवले. इतकी प्रसिद्धी पुढच्या कोणत्याही पत्रकाने केली असेल असे मला वाटत नाही.

परंतु रोज काही बॅबकॉक जन्माला येत नाही. १९०४ साली विलर्ड ब्लायर नावाच्या इंग्रजीच्या तरुण अध्यापकाकडे विद्यापीठाचे ‘प्रेस बुलेटिन’ आले. ब्लायर मिलवॉकीच्या वृत्तपत्री घराण्यातला. छापखान्याची शाई लहानपणापासून नाकात गेलेली. विद्यार्थिदशेत विद्यापीठात विद्यार्थ्यांचे दैनिक निघाले, त्या धडपडीतही तो होता. त्याला गावोगावच्या छोट्या साप्ताहिकांची अवस्था ठाऊक होती. तेथे संपादक, जुळारी आणि वर्गणी वसूल करणारा हे पुष्कळदा एकाच सदऱ्यातले तीन माणूस असत, आणि गुरुवारी रात्री अर्धा रकाना रिकामा राहिला तर काय भरावे ही त्यांची खरी चिंता असे. ब्लायरने त्या रिकाम्या रकान्याचा अंदाज घेतला. विद्यापीठात काय शोध लागला ते साध्या भाषेत, बातमीच्या घाटात, थोडक्यात लिहायचे आणि राज्यातल्या वृत्तपत्रांना फुकट पाठवायचे. दाम नाही, अट नाही. छापावे किंवा चुलीत घालावे.

पद्धत साधी, पण तीत एक शहाणपण होते. स्तुती करायचीच असेल तर कामाची करावी, कुलगुरूंची नव्हे, हे ब्लायरला कळले होते. बियाण्याला कीड लागली तर काय करावे, हे सांगणारी बातमी संपादक छापतो, कारण वाचक ती कापून ठेवतो. मानपत्राची बातमी छापली तर वाचक पान उलटतो. १९०५ मध्ये ब्लायरने पत्रकारितेचा पहिला अभ्यासवर्ग सुरू केला, १९१२ मध्ये त्याचा स्वतंत्र विभाग झाला, आणि १९३५ साली तो वारला तेव्हा अमेरिकेतल्या पत्रकारितेच्या शिक्षणाचा तो एक जनक मानला जात होता. विद्यार्थी त्याला मागे ‘डॅडी’ म्हणत. बातमी आणि जाहिरात यांतला भेद मुलांना शिकवणारा माणूस आणि विद्यापीठाची पत्रके काढणारा माणूस एकच होता, ही गोष्ट मला राहून राहून विलक्षण वाटते. त्याला स्वतःला त्यात विसंगती वाटत नसावी. विद्यापीठ चांगले काम करते आहे आणि ते खरे तेच सांगते आहे, अशी त्याची प्रामाणिक श्रद्धा असली पाहिजे. श्रद्धावान माणसाची बखर फार वाचनीय उतरते.

त्या वेळचे अध्यक्ष चार्ल्स व्हॅन हाइज हे भूगर्भशास्त्रज्ञ. राज्याचे सुधारणावादी गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट आणि ते एकाच वर्षीचे, १८७९ चे पदवीधर. विद्यापीठाचा उपकारक प्रभाव राज्यातल्या प्रत्येक कुटुंबापर्यंत पोचेपर्यंत आपले समाधान होणार नाही, असे व्हॅन हाइज यांनी १९०५ साली जाहीर केले. याच विचाराला पुढे ‘विस्कॉन्सिन आयडिया’ हे नाव पडले आणि तो जगभर गाजला. पण हे भाषण झाले कोठे? पदवीदान समारंभात नव्हे, विधिमंडळातही नव्हे. ते झाले राज्यातल्या वृत्तपत्र-संपादकांच्या परिषदेपुढे. लोकशिक्षणाच्या एका थोर कल्पनेचा उच्चार प्रथम प्रसिद्धीच्या व्यासपीठावरून झाला, म्हणून ती कल्पना खोटी ठरत नाही. १९०७ पासून विद्यापीठाचा बहिःशाल विभाग नव्या जोमाने कामाला लागला, पत्रद्वारा शिक्षण आले, व्याख्याते गावोगाव फिरू लागले. १९२० च्या सुमारास विद्यापीठाच्या नभोवाणी केंद्रावरून शेतकऱ्याला हवामान ऐकू येऊ लागले. बोलल्याप्रमाणे बरेच काही घडले. लिंकन स्टेफन्ससारखा, नगरपालिकांची लफडी बाहेर काढणारा तिखट पत्रकार मॅडिसनला आला आणि स्तुती लिहून परत गेला. प्रसिद्धी कार्यालयाचा याहून मोठा विजय कोणता?

आता त्याच वर्षांतले दप्तर पाहावे. त्यासाठी आधी १८९४ कडे मागे जायला हवे. रिचर्ड ईली हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. ते संपांना आणि बहिष्कारांना उत्तेजन देतात, समाजवाद शिकवतात, असा जाहीर आरोप राज्याच्या शिक्षणखात्याच्या मुख्य अधिकाऱ्यानेच एका साप्ताहिकात पत्र लिहून केला. नियामक मंडळाने चौकशी केली, ईलींना निर्दोष ठरवले आणि १८ सप्टेंबर १८९४ रोजी एक निवेदन काढले. इतरत्र चौकशीवर कोणतीही बंधने असोत, या विद्यापीठाने सत्य ज्याच्यामुळे हाती लागते त्या चाळण्या-पाखडण्याला सतत आणि निर्भयपणे उत्तेजन द्यावे, असा त्याचा आशय. सूप आणि चाळणी हाताळलेल्या शेतकरी राज्याला शोभेल अशीच ती प्रतिमा होती. विद्यापीठाच्या प्रसिद्धीत हे वाक्य पुढे शेकडो वेळा आले.

प्रसिद्धीत आले नाही ते असे. ईलींनी चौकशीपुढे अध्यापन-स्वातंत्र्याचा पुरस्कार केला नव्हता. आरोप खोटे आहेत, आणि ते खरे असते तर आपण अध्यापक राहण्यास नालायक ठरलो असतो, असा त्यांचा बचाव होता. म्हणजे ज्यांच्या निमित्ताने स्वातंत्र्याची सनद निघाली, त्यांनी ती मागितलेलीच नव्हती! दुसरी गोष्ट १९१० ची. एमा गोल्डमन ही अराज्यवादी वक्ती मॅडिसनला आली. एडवर्ड रॉस या समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी तिच्या भाषणाची वार्ता आपल्या वर्गात सांगितली. नियामक मंडळाने त्यांच्यावर ठपका ठेवला. तेव्हा त्या वर्षी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांनी १८९४ चे वाक्य ब्राँझच्या फलकावर ओतवून घेतले आणि विद्यापीठाला निरोपाची भेट म्हणून देऊ केले. मंडळाने भेट नाकारली. आपल्याच पूर्वसूरींचे शब्द मंडळाला नकोसे झाले होते. फलक तळघरात पडून राहिला. १९१५ साली, बरीच बोलाचाली होऊन, तो मुख्य इमारतीच्या दाराशी बसला. तेथे तो आहे, आणि पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने दाखवला जातो.

मर्ल कर्टी आणि व्हर्नन कार्स्टेन्सन यांनी १९४९ साली, विद्यापीठाच्या शताब्दीनिमित्त, दोन खंडांत त्याचा इतिहास लिहिला. शताब्दीचा ग्रंथ म्हणजे बखरच असणार, अशी आपली समजूत असते. पण हे दोघे व्यवसायाने इतिहासकार होते आणि त्यांनी कागद उघडले. विद्यापीठाने आपल्याच उत्सवासाठी आपलीच झडती घेऊ दिली, याचे श्रेय विद्यापीठाला दिलेच पाहिजे.

कीर्तीची किंमतही द्यावी लागली. घराघरांत पोचण्याची भाषा सतत ऐकल्यावर करदाता एक दिवस विचारू लागला की, याला पैसे किती लागतात? १९१४ च्या निवडणुकीत इमॅन्युएल फिलिप हे विद्यापीठाच्या खर्चावर टीका करीत गव्हर्नर झाले. त्याच सुमारास राज्य सरकारने विल्यम अ‍ॅलन या तपासनीसाकडून विद्यापीठाची पाहणी करवली. वर्गात काय शिकवतात, किती शिकवतात, खोल्या किती वेळ रिकाम्या असतात, सारे त्याने खोदून विचारले. विद्यापीठ खवळले. १९१५ मध्ये अहवाल निघाला तो आरोप आणि विद्यापीठाचे खुलासे एकत्र बांधून. वाचायला तो रुक्ष आहे. भांडणाचे कागद असतात तसा. परंतु त्या काळच्या वर्गखोलीत खरोखर काय चालत होते हे ज्याला हवे असेल, त्याला बुलेटिनच्या सगळ्या अंकांपेक्षा या भांडणातून अधिक मिळेल.

आणि मग युद्ध आले. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. ला फॉलेट, आता सेनेटर, यांनी विरोध केला. ज्या माणसाने विद्यापीठाला राज्याच्या कारभारात मानाचे स्थान दिले, ज्याच्या नावाबरोबर ‘विस्कॉन्सिन आयडिया’चे नाव घेतले जाई, त्याचा धिक्कार करणारे एक पत्रक १९१८ च्या आरंभी विद्यापीठातच फिरले. चारशेहून अधिक अध्यापकांनी त्यावर सह्या केल्या. व्हॅन हाइज यांची सही होती. निष्ठेच्या या मोहिमेत पुढाकार घेणाऱ्यांत ईली होते. होय, तेच ईली. ब्राँझचा फलक दाराशी बसून तेव्हा तीन वर्षे झाली होती, आणि सही करायला निघालेल्यांपैकी कितीतरी जण त्याच्या समोरून गेले असतील. ज्यांनी सही केली नाही त्या मूठभरांना ते महिने कसे गेले असतील याची कल्पना करता येते. सह्यांचा कागद आहे, म्हणून हे आज बोलता येते.

या खोल्या मग सर्वत्र झाल्या. १९१७ साली अमेरिकेतल्या महाविद्यालयांच्या वार्ता-कार्यालयांनी आपली संघटना काढली. नाव बदलत गेले : आधी वार्ता, मग प्रसिद्धी, आणि १९४६ मध्ये जनसंपर्क. १९७४ मध्ये ही संघटना माजी विद्यार्थ्यांच्या मंडळांच्या संघटनेत विलीन झाली. नावांच्या या प्रवासावर वेगळा लेख होईल. वार्ता म्हटले की निदान काही घडावे लागते. प्रसिद्धीला तेवढी गरज नसते. आणि जनसंपर्काला तर घडलेले झाकण्याचेही काम करावे लागते. कागद मात्र वाढतच गेले. चक्रमुद्रित पत्रकांचे गठ्ठे, पाठीमागे पेन्सिलीने तारीख टाकलेले फोटो, खोक्यांतल्या निगेटिव्ह. दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यापीठे आपापली अभिलेखागारे नीट उभारू लागली तेव्हा या मालाला जागा मिळाली. त्यातला मोठा भाग कंटाळवाणा आहे, हे कबूल करावे. फुटबॉल संघ, नवे वसतिगृह, हसरी गाय, हसरे अधिष्ठाते.

भारतीय वाचकाला या काळातली एक बातमी जवळची वाटेल. १९६८ च्या ऑक्टोबरात डॉ. हरगोविंद खुराना यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा ते मॅडिसनलाच होते. फाळणीपूर्व पंजाबातल्या लहानशा खेड्यातला मुलगा, १९६० पासून या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. कोणत्याही प्रसिद्धी कार्यालयाने नवस बोलावा अशी ही बातमी. पण बरोबर एक वर्ष आधी, १८ ऑक्टोबर १९६७ रोजी, त्याच टेकडीवर दुसरे काही घडले होते. व्हिएतनामवर टाकल्या जाणाऱ्या नापाम बाँबचे उत्पादन करणारी डाऊ कंपनी नोकरभरतीसाठी आवारात आली होती. विद्यार्थ्यांनी इमारतीत ठाण मांडले, पोलिसांनी दंडुके चालवले, अश्रुधूर सुटला, पुष्कळ डोकी फुटली. १९६७ आणि १९६८ ची चित्रे एकाच संस्थेची आहेत. माहितीपत्रकात त्यांतले कोणते जाईल हे सांगायला नको. अभिलेखागारात दोन्ही राहतात.

विद्यापीठात १९५६ पासून अमेरिकन सैन्याच्या पैशांवर चालणारे एक गणित-संशोधन केंद्र होते. तेथे शुद्ध गणित चालते, लढाईशी त्याचा संबंध नाही, असे बाहेर सांगितले जाई. १९६९ मध्ये विद्यार्थ्यांच्या दैनिकाने, म्हणजे ब्लायरच्या उमेदीतल्या त्याच पत्राने, केंद्राच्या कामावर लेखमाला छापली. २४ ऑगस्ट १९७० च्या पहाटे चार तरुणांनी त्या इमारतीलगत स्फोटकांनी भरलेली गाडी उडवली. गणित-केंद्राचे फारसे बिघडले नाही. खालच्या मजल्यावर रात्रभर आपला प्रयोग सांभाळीत बसलेला, सैन्याशी कसलाही संबंध नसलेला एक पदार्थविज्ञानाचा संशोधक मात्र मेला. तेहतीस वर्षांचा. त्याला तीन मुले होती. त्या मृत्यूपुढे दोन्ही बाजूंची पत्रके सारखीच फिकी पडतात, आणि ज्यांनी गाडी उडवली त्यांच्या हेतूंचे कौतुक करणारी पत्रकेही मला वाचवत नाहीत.

तथापि मूळ प्रश्न शिल्लक होताच : त्या केंद्रात चालत होते काय? १९७३ साली मॅडिसनच्या काही शास्त्राभ्यासकांच्या गटाने ‘द ए. एम. आर. सी. पेपर्स’ नावाचे पुस्तक काढून त्याचे उत्तर मांडले. चोरीचे कागद नाहीत, गुप्त हेर नाहीत. त्यांचा मुख्य आधार होता केंद्राचे स्वतःचे अहवाल. सैन्याकडून पैसा चालू राहावा म्हणून केंद्र सैन्याला आपला उपयोग पटवून देत होते, आणि समाजाला आपली निरुपयोगिता. एकाच कामाची दोन वर्णने दोन धन्यांसाठी लिहिली गेली होती, आणि दोन्ही छापील होती. कोणीतरी ती शेजारी शेजारी ठेवून वाचली, एवढेच.

शेवटची गोष्ट २००० सालची. पुढील वर्षी प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी विद्यापीठाने माहितीपुस्तिका काढली. एक लाखाहून अधिक प्रती. मुखपृष्ठावर फुटबॉलच्या सामन्याला जमलेले, आनंदाने ओरडणारे विद्यार्थी. सारे गोरे, आणि त्यांच्या मागे एक कृष्णवर्णीय चेहरा. तो चेहरा तेथे नव्हता. गर्दीचा फोटो १९९३ चा होता. त्या विद्यार्थ्याचा फोटो दुसऱ्या वर्षीचा, दुसऱ्या प्रसंगाचा. संगणकावर एकातून कापून तो दुसऱ्यात बसवला होता. हे बाहेर काढले विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने. तो विद्यार्थी म्हणाला की, आपण विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्याला कधी गेलेलोच नाही. अधिकाऱ्यांनी क्षमा मागितली आणि पुस्तिका नव्या मुखपृष्ठाने छापली.

त्यांनी दिलेले स्पष्टीकरण मला क्षमायाचनेपेक्षा महत्त्वाचे वाटते. वेगवेगळ्या वर्णांचे विद्यार्थी एकत्र दिसतील असा खरा फोटो आपण उन्हाळाभर शोधला, पण मिळाला नाही, असे ते म्हणाले. म्हणजे प्रसिद्धीची माणसे आपल्याच दप्तराकडे गेली होती. दप्तराने त्यांना सरळ उत्तर दिले होते. त्या वर्षी विद्यापीठात चाळीस हजारांच्या घरात विद्यार्थी होते आणि त्यांत कृष्णवर्णीय दोन टक्क्यांच्या आसपास. बॅबकॉकच्या बाटलीने दुधातले पाणी उघडे पाडले होते. येथे आकडा मोजलेला होता, खोक्यात पुरावा होता, आणि तरी मुखपृष्ठावर भेसळ झाली. ब्लायरने बुलेटिन हाती घेतल्याला तेव्हा शहाण्णव वर्षे झाली होती.

त्या विद्यार्थ्याने विद्यापीठावर दावा लावला. स्वतःसाठी त्याने पैसे मागितले नाहीत. पुस्तिकेवर जसे विद्यापीठ दाखवले आहे तसे ते प्रत्यक्षात व्हावे म्हणून, अल्पसंख्य समाजांतली मुले आणण्यासाठी विद्यापीठाने आपल्या अंदाजपत्रकात रक्कम धरावी, एवढीच त्याची मागणी होती.